काटकी हातात देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

समोर उभी राहून आभार मानले तर तुम्ही “असू दे गं” म्हणत झाडांना पाणी घालायला निघून जाल. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. वाचून रागवायचं असेल तर रागवा.

बदली होऊन या शांत किनारी शहरात आले, तेव्हा घर दाखवणारा एजंट म्हणाला होता, “समुद्र खिडकीत आहे, नशीब काढलंत!” ऑफिसातल्या साहेबांनी सूर्यास्त कुठून छान दिसतो ते सांगितलं. खिडकीतला समुद्र कुलपातही शिरतो, हे मात्र दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. महिन्याभरात कुलूप गंजून अडकलं, चामड्याच्या पर्सवर बुरशी चढली, कपडे दोन-दोन दिवस ओलसर. एजंटला फोन केला तर हसला. “एवढंही माहीत नव्हतं?” नव्हतं. डिपॉझिट घेताना तो बराच गंभीर होता.

त्या रात्री मी दाराशी झटापट करत असताना तुम्ही तेलाची बाटली घेऊन जिना चढून आलात, आणि मग हळूहळू सगळंच सांगत गेलात. कपडे समुद्राच्या बाजूला वाळत घालू नकोस, त्यांवर मीठ बसतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं. खिडक्यांचे गज आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धू. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घे. स्क्रू घेताना नुसतं स्टील म्हणू नकोस, ३१६ नंबरचं स्टेनलेस स्टील माग. ३०४ खाऱ्या हवेत डागाळतं. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून, तेव्हा झोपताना मागची खिडकी उघड. खारे वारे आणि मतलई वारे पाठ करून मी भूगोलात मार्क मिळवले होते. त्यांचा झोपेशी काही संबंध असतो हे तुमच्याकडून कळलं!

फिरायला जाताना परतीचं वाहन आधीच ठरवायचं, हेही तुमचंच. उष्ण कटिबंधात सूर्य रेंगाळत नाही. बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत काळोख.

पण हे पत्र त्या एका संध्याकाळसाठी आहे. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधला पट्टा अगदी शांत, जरा काळसर. मला पोहता येतं. तलावात वर्षं काढली आहेत, त्यामुळे सुरक्षित जागा म्हणून मी नेमकी तीच निवडली आणि चपला काढल्या. तुम्ही मागून आलात. ओरडला नाहीत. वाळूतली एक वाळकी काटकी उचलून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, “टाक बघू तिथे.”

मला वाटलं, लाटेबरोबर परत येईल. ती सरळ बाहेर निघाली. पन्नास मोजायच्या आत दिसेनाशी झाली. मग तुम्ही सांगितलंत, की लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायची ही वाट. इथे तळ खोल, म्हणून लाट फुटत नाही. सापडलीसच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं. असा प्रवाह सेकंदाला अडीच मीटरपर्यंत ओढू शकतो, हे मी नंतर वाचलं. वाचताना हात गार पडले होते.

काटकी तुम्ही स्वतःही टाकू शकला असता. मी “हो का” म्हटलं असतं, आणि बहुधा दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरले असते. ती माझ्या हातात दिलीत, म्हणून ती गेली तेव्हा माझ्या हातून गेली. माहिती असलेली माणसं पुष्कळ भेटतात हो. पण समोरच्याला कमीपणा न आणता ती देणारी? बहुतेकांना “एवढंही माहीत नव्हतं?” म्हणण्यातच गंमत वाटते. ऑफिसात नव्या मुलांशी मीही असंच बोलते, हे त्या दिवशी घरी येताना लक्षात आलं आणि ओशाळले.

तुमची तेलाची बाटली अजून माझ्याकडेच आहे. इतक्यात मागू नका, कुलूप परत कुरकुरायला लागलंय.

तुमची,
वरच्या मजल्यावरची