दहाचा पाना

हेदवी, ता. गुहागर
नागपंचमीचा दुसरा दिवस

चि. गौरीस अनेक आशीर्वाद.

आपली गाडी सुरू होत नाही, हे काल फोनवर सांगायला घेतलं तर पावसाने रेंज गेली. "बाबा, मेकॅनिकला बोलवा ना" एवढं तुझं वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं. मेकॅनिक शृंगारतळीहून येईल तेव्हा येईल, म्हणून गाडी मीच सुरू केली. कशी ते लिहितो, कारण गणपतीनंतर तू तीन महिने जर्मनीला चाललीस आणि तुझी गाडी ठाण्याला तळघरातल्या पार्किंगमध्ये तशीच उभी राहणार.

माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून होईपर्यंत आपली गाडी पडवीला लागून उभी होती. दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून ठेव, असं मीच तुझ्या आईला सांगितलं होतं. तिने ते व्रतासारखं पाळलं. पाचव्या रविवारी म्हणाली, "आज जरा कण्हतच उठली हो." मी काळा चष्मा लावून बसलेला, हूं म्हटलं आणि सोडून दिलं. परवा स्वतः बसलो, किल्ली फिरवली, तर नुसतं टिक-टिक-टिक-टिक, आणि त्या तालावर डॅशबोर्डचे दिवे मंद होतायत.

हा आवाज ओळखायला शीक, निम्मं निदान त्यातच होतं. भराभर टिकटिक म्हणजे बॅटरी उतरली, नाहीतर टर्मिनल ढिलं. एकच मोठा 'टक्', पुढे सामसूम आणि दिवे मात्र लख्ख, तर बहुधा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, दुखावलाय. सेल्फ जोमात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तेव्हा बॅटरीला बोल लावायचा नाही. पेट्रोल नाहीतर ठिणगी पोचत नाहीये. किल्ली ऑन केली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक 'घूंऽ' येतो, तो पेट्रोलचा पंप. तो आला नाही तर आधी फ्यूज बघ. आणि काही झालं तरी सेल्फ पाच-दहा सेकंदांच्या वर मारत राहू नकोस. मध्ये अर्धा मिनिट थांब. तुझी ती घाई मला ठाऊक आहे.

बोनेट उघडलं. पॉझिटिव्ह टर्मिनलवर हिरवट-पांढरा भुगा फुललेला, ओल्या भिंतीला लोणा यावा तसा. आपल्याकडची दमट खारी हवा लोखंड, तांबं काहीच सोडत नाही. शेजारी एअर फिल्टरचा डबा. त्यात सुपारीची सालं, गोणपाटाची सुतं आणि मधोमध तीन काजूबिया, एक अर्धवट कुरतडलेली. तुझी आई डोकावून म्हणाली, "उंदरांनीसुद्धा आगोटीची बेगमी केली की!" टॉर्च घेऊन वायरी तपासल्या. काचेवर पाणी उडवायची नळी तेवढी कुरतडली होती, ती स्वस्तात सुटली. डबा साफ न करता इंजिन सुरू केलं असतं तर ती सगळी बेगमी फिल्टरवर जाऊन बसली असती.

मग दहाचा, म्हणजे दहा मिलिमीटरचा, पाना घेतला. आधी निगेटिव्ह सोडायचं, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट, निगेटिव्ह शेवटी. कारण निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. तू हातातलं कडं काढून ठेवत जा. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने टर्मिनलं घासली, कोरडी केली, बसवल्यावर वरून व्हॅसलीन लावलं. मीटर लावला तर 11.7 व्होल्ट. भरलेली बॅटरी स्वस्थ पडलेली असताना 12.6 च्या आसपास दाखवते. 12 च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. ती तशीच रिकामी पडू दिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो, आणि मग चार्जिंगही नीट घेत नाही.

आता तुझ्या आईच्या रविवारांचं. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, लॉकचा रिसीव्हर हे थोडा थोडा करंट पीत असतात. 50 मिलिअँपिअर धर. दिवसाला 1.2 अँपिअर-तास झाले, आठवड्याला 8 च्या वर. आपली बॅटरी 35 ची. पाच मिनिटांत सेल्फला लागलेलं भरून वर थोडंसं पडतं, आठवड्याचं झिरपलेलं कुठून भरणार? शिवाय इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते निराळंच. चूक तिची नव्हे, माझ्या सल्ल्याची. तसं तिला सांगितलंय. ते तिने आतापर्यंत तीन घरांत सांगून झालंय.

शेजारच्या दिगूने पिकअप आणून उभी केली, गाड्या एकमेकींना चिकटू न देता. लाल केबलचं एक टोक आपल्या पॉझिटिव्हला, दुसरं त्याच्या पॉझिटिव्हला. काळी त्याच्या निगेटिव्हला, आणि तिचं शेवटचं टोक आपल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्याजवळ ठिणगी नको. काढताना याच्या उलट क्रम. दिगूची केबल बारीक, हाताला चटका बसेल इतकी तापली. पाच-सात मिनिटं त्याचं इंजिन चालू ठेवलं आणि किल्ली फिरवली. उठली! चालू इंजिनवर मीटर 14.1, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर धडधाकट.

पण हलेना. हँडब्रेक ओढून ठेवला होता कोणी? मीच. मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रममध्ये गंज धरून ब्रेकचे लायनर चिकटलेले. पहिला, रिव्हर्स, पहिला असं हळूहळू झुलवल्यावर 'खाट्' करून सुटले. पुढच्या पावसाळ्यात गिअरमध्ये ठेवून चाकाला जांभ्याचा चिरा लावणार. एसी आणि दिवे बंद ठेवून गुहागरपर्यंत जाऊन आलो. रात्रभर ठेवून सकाळी पाहिलं तर 12.5.

तू निघायच्या आधी एवढं कर. बॅटरीचं निगेटिव्ह सोड आणि त्यावर कापड गुंडाळ. नंतर घड्याळ पुन्हा लावावं लागेल, लावू. रिमोट चालणार नाही, किल्लीने लॉक कर. टाकी भरून ठेव. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते ओल धरतं, रिकाम्या जागेतली दमट हवा जितकी कमी तितकं बरं. टायरमध्ये हवा थोडी चढी भर. हँडब्रेक नको, हे आता कळलंच.

आणखी एक. तुमचं पार्किंग तळघरात आहे. पाणी शिरलं असं वॉचमनने कळवलं तर कुणालाही किल्ली लावू देऊ नकोस. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा गाड्या पाण्याखाली गेलेल्या आठवतात ना? इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की पाणी काही दबत नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी ओढूनच न्यायची.

येताना जंपर केबल आण. जाड, तांब्याची, दिगूसारखी नको. चिपळूणला कुठल्या गाडीने उतरतेस ते कळव, मी न्यायला येतो. डॉक्टरांनी चालवायला परवानगी दिलीय. आईला विचारू नकोस, परवानगी फक्त दिवसाची आहे. तेव्हा सकाळची गाडी बघ.

तुझा,
बाबा