इंदूरच्या मनोरमागंजमधल्या घराविषयी आई-बाबांना

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर घर बिल्डरला विकण्याचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "हा काही राजवाडा नव्हे, चार खोल्यांचा बंगला आहे, त्यात जपण्यासारखे काय?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, पणजोबांनी हे घर १९३४ साली बांधले. त्याच सुमारास एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाने इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्यासाठी माणिकबाग राजवाडा उभारला. त्या राजवाड्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि त्यातले फर्निचर १९८० साली मोनॅकोच्या लिलावात विकले गेल्याचीही नोंद आहे. पण त्याच काळात दरबारात कारकुनी करणाऱ्या मराठी माणसाने पगारातून वाचवून कसे घर बांधले, ओसरीवर कोणाला बसवले आणि कोणाला थेट माजघरात नेले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ते अशा घरांच्या मांडणीवरूनच कळते. अशी घरे पुष्कळ होती, म्हणून एकेक पडत गेले तेव्हा कोणाला हळहळ वाटली नाही, आणि आज आपल्या गल्लीत आपले धरून तीनच उरली आहेत.

पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारांनी १९१८ साली होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला. सरसकट पाडापाडी न करता अगदी गरजेपुरतेच काढावे आणि बाकीचे दुरुस्त करून वापरावे, हा त्यांचा आग्रह होता. तो आपल्याच शहरासाठी मांडला गेला होता, याचे मला फार अप्रूप वाटते.

पाच वर्षांपूर्वी बैठकीच्या भिंतीला ओल आली तेव्हा सिमेंटचा गिलावा करा, असा हट्ट मीच धरला होता. चुन्यात बांधलेली दीड फुटी भिंत पावसाळ्यात ओल शोषते आणि ऊन पडले की सोडून देते. सिमेंटमुळे ती वाट बंद झाली, ओल आतल्या आत वर चढली आणि खिडकीखाली क्षारांचा पांढरा लोणा लागला. ही चूक माझी आहे आणि ती मला सतत बोचते.

आई, देवघरासमोर तुझा पाट असतो तिथली लाल-काळ्या फुलांची फरशी एकदा ओल्या फडक्याने पुसून पाहा. या फरशा भट्टीत भाजलेल्या नसतात. रंग कालवलेल्या सिमेंटचा काही मिलिमीटर जाडीचा थर साच्यात घालून यंत्राने दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. म्हणूनच तीन पिढ्यांचे पाट सरकून तिथे खळगा पडला, तरी फुलाची एकही पाकळी पुसली गेलेली नाही.

तुमच्या गुडघ्यांचा आणि एकटेपणाचा मला विसर पडलेला नाही, आणि घर राखण्यासाठी तुम्ही कष्ट सोसावेत असेही माझे म्हणणे नाही. मागच्या पडवीत कमोड आणि आधाराचे दांडे असलेले न्हाणीघर करता येईल, ओसरीच्या पायऱ्यांशेजारी उतार घालता येईल, आणि सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करता येईल. या सगळ्याचा खर्च मी करीन. बिल्डरच्या कागदावर दिवाळीपर्यंत सही करू नका, एवढीच विनंती. श्रावणात पंधरा दिवस मी येते आहे; तेव्हा प्रत्येक खोलीचे माप घेऊन नकाशा काढीन. त्यानंतरही तुम्ही विकायचे ठरवलेत, तर मी आड येणार नाही.

कोळशाच्या खोलीत रचून ठेवलेल्या जुन्या फरशा मात्र तोवर कोणाला देऊ नका. बैठकीत दाराजवळ फुटलेल्या दोन जागी त्याच बसवायच्या आहेत.

तुमची लेक