माळ्यावरची फ्लॉपी

नाशिक, रविवार रात्र

तीर्थस्वरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मोठ्या अक्षरात छापून द्यायला ताईला सांगितलंय. बाबा, डोळ्याचं ऑपरेशन होऊन दहाच दिवस झालेत, तेव्हा तुम्ही वाचायचं नाही. आईने वाचायचं, तुम्ही मधे मधे चुका काढायच्या.

सिंहस्थात आपल्या पंचवटीच्या घरी किती पाहुणे उतरतील याचा नेम नाही, म्हणून गेल्या रविवारी माळा रिकामा केला. बंब निघाला, माझी मोडकी सायकल निघाली आणि 1999 साली पतपेढीचं कर्ज काढून घेतलेला कॉम्प्युटर निघाला. मॉनिटरवर आईने विणलेलं कव्हर तसंच. 32 एमबी रॅम, विंडोज 98. त्या खोलीत चपला घालून जायची बंदी होती, आठवतं? माझ्या आत्ताच्या फोनची रॅम 8 जीबी आहे, म्हणजे त्याच्या 256 पट. तो फोन मी कणीक लागलेल्या हाताने उचलतो.

'एवढ्याशा डबीत मावतं कसं?' असं बाबा दरवेळी विचारतात आणि मी दरवेळी उत्तर टाळतो. तर ऐका. 1971 साली इंटेलची 4004 नावाची चिप आली, तिच्यात 2300 ट्रान्झिस्टर होते. आज चांगल्या फोनच्या नखाएवढ्या चिपमध्ये ते हजार कोटींच्या वर असतात. ट्रान्झिस्टर म्हणजे शेवटी एक बटण, चालू किंवा बंद. ते लहान लहान होत गेलं, एवढीच गोष्ट.

पण पत्र त्यासाठी नाही. कॉम्प्युटरच्या खोक्याच्या तळाशी एक फ्लॉपी होती. निळी, साडेतीन इंची, 1.44 एमबीची. आजचा फोनवरचा एक फोटोसुद्धा तिच्यात बसायचा नाही. लेबलवर आईचं अक्षर: 'सासूबाईंच्या ओव्या. पुसू नये.'

त्या 'पुसू नये'ने माझा आठवडा खाल्ला.

आधी फ्लॉपी वाचायला ड्राइव्ह मिळेना. दुकानदार माझ्याकडे मी बंबाची जाळी मागतोय असं बघायचे. शेवटी अंबडला एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये मिळाला. त्याच्याकडे एक जुनं सीएनसी मशीन आहे, त्याला प्रोग्रॅम अजून फ्लॉपीनेच द्यावा लागतो. मशीन ठणठणीत आहे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत चोख काम करतं, फक्त पेनड्राइव्ह ओळखत नाही. फ्लॉपी आत सारली आणि तोच जुना कर्रर्र-खट् आवाज आला. मित्राचा कामगार म्हणाला, 'चालतेय साहेब, बोलतेय ती.'

फाइल उघडली तर एक अक्षर मराठी नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, सगळा काला. त्याचं कारण असं की तेव्हाच्या फॉन्टनी इंग्रजीच्या जागा बळकावून तिथे मराठी आकार बसवले होते. फाइलमध्ये असतात नुसते आकडे. एका फॉन्टने एका आकड्याला 'क' म्हटलं, दुसऱ्याने त्यालाच 'ळ'. तो फॉन्ट गेला की मजकूरही गेला. युनिकोड नावाच्या जगभरच्या लिप्यांच्या एका सामायिक यादीने देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे आकडे दिले ते 1991 मध्येच, पण आपल्या विंडोज 98 ला त्याचा गंध नव्हता. विंडोजमध्ये देवनागरी नीट आली ती विंडोज 2000 पासून. (आणि मराठीचा स्वतंत्र 'ॲ' युनिकोडमध्ये यायला 2008 उजाडलं. आपली कुठली गोष्ट वेळेवर झालीय!)

मग मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जुना आकडा घ्यायचा आणि नवा द्यायचा. निम्मं लागलं, पण वेलांट्या भलत्याच अक्षरांवर आणि रफार कुठेतरी हवेत. दोन रात्री डोकं खाजवलं. म्हणून, आई, बुधवारी तुला फोन करून विचारलं की 'सूर्य' तू टाइप कसा करायचीस. तू क्षणभर गप्प होतीस. मग टेबलावर बोटं आपटल्याचा आवाज आला आणि म्हणालीस, 'स, उकार, य, आणि वरून रफार. आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. टाइपरायटरवर तसंच असायचं रे, कागदावर जे आधी दिसतं ते आधी.'

झालं! युनिकोडमध्ये नेमकं उलटं असतं. तिथे अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात, म्हणून 'सूर्य'मधला र हा य च्या आधी येतो आणि 'कि'मधली वेलांटी क च्या नंतर. मी पडद्यावर शोधत बसलो होतो आणि उत्तर तुझ्या बोटांत होतं, मराठी 40 शब्दांची सरकारी परीक्षा दिलेल्या बोटांत. दहा मिनिटांत आजी वाचता यायला लागली.

आता बाबा, तुमची पाळी. त्याच खोक्यात तुमची खाकी कव्हरची वही होती. पहिल्या पानावर 'मशीन चालू करण्याची रीत', पुढे कमांड, लाल शाईने अधोरेखित. तुम्ही आधी काळी फीत लावून कॉम्प्युटरच्या विरोधात बँकेच्या गेटवर उभे राहिलात आणि मग खात्यांच्या नोंदी करणाऱ्या लेजर पोस्टिंग मशीनच्या ट्रेनिंगला तुम्हालाच पाठवलं, हे तुम्ही हसत सांगता. पण रात्री जेवणानंतर तुम्ही हे असं पाठ करत होतात, हे मला माहीत नव्हतं. एका पानावर आहे: 'रोजचा बॅकअप दोन फ्लॉप्यांवर. एक शाखेत, दुसरी मॅनेजरसाहेबांच्या घरी.' आमच्या ऑफिसात एवढंच सांगायला चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन देतात.

जून आणि डिसेंबरला तुम्ही रात्री उशिरा यायचात, व्याज काढायला. बचत खात्याचं व्याज तेव्हा महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर असायचं. 11 तारखेला पैसे भरले की त्या महिन्याचं व्याज बुडालं, म्हणून लोक 10 च्या आत रांग लावायचे. रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झालं ते 1 एप्रिल 2010 पासून. हजारो खात्यांची रोजची शिलक हाताने कोण मोजणार होतं? कॉम्प्युटरने सामान्य माणसाला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी इंटरनेटच्या आधी हे सांगेन.

आणि अशा माणसावर मी गेल्या महिन्यात फोनवर ओरडलो. भाजीवाल्याचा क्यूआर कोड स्कॅन केला, तुमच्या खात्यातून 180 रुपये गेले, त्याला पोचले नाहीत. तुम्ही विचारलंत, 'नावे पडले, मग जमा कुठे झाले? मधल्या वेळेत ते कुठल्या खात्यात आहेत?' मी म्हणालो, 'बाबा, तसं नसतं आता, तुम्हाला कळायचं नाही.' तसंच असतं. एकीकडे नावे, दुसरीकडे जमा, आणि मधे कुठेतरी संदेश अडकतो. दोन दिवसांनी पैसे उलटून आले तेव्हाही मी फक्त 'आले ना?' म्हटलं. चुकलो. घरी आलात की कागदावर काढून दाखवतो, तुम्ही तपासा.

भंगारवाला मॉनिटर न्यायला तयार नाही, काच फुटेल म्हणतो. कॅबिनेट ठेवलंय. वही आणि फ्लॉपी देवघराच्या कपाटात.

आई, एकूण 41 ओव्या निघाल्या. एक मात्र, गोदावरीच्या पुराची आणि आपल्या नदीतल्या दुतोंड्या मारुतीची, अर्धीच आहे, तिथे फ्लॉपी खराब झालीय आणि प्रोग्रॅम काही करू शकत नाही. अशी आहे:

गंगेला आला पूर, पाणी दुतोंड्याच्या गळां
बंधू पैलतीरी उभा,

इथे तुटते. पुढचं तुला येत असेल तर ताईच्या फोनवर म्हणून पाठव. लिहून नको, म्हणूनच.

तुमचा,
बाळू