चि. स्नेहल, तुझ्या टिपणांच्या पसाऱ्याबद्दल

चि. स्नेहल,

येशूच्या नावात सलाम.

वाचन भरपूर होतं, पण शनिवारी रात्री रविवारच्या उपासनेचा संदेश लिहायला बसलं की हाताला काही लागत नाही, असं तू फोनवर म्हणालीस. अर्धं डायरीत, काही पुस्तकांच्या समासात, काही उपासनेच्या पत्रिकेमागे, उरलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेलं. टिपणं तुझ्याकडे आहेत गं. तू ती विषयवार लावायला जातेस आणि तिथे गाडी अडते. ‘विश्वास’ नावाच्या फाइलीत सहा महिन्यांत सगळंच येऊन पडतं, कारण बायबलमधलं काय विश्वासाबद्दल नाही? रविवारी तुझ्यापुढे बहुतेक वेळा उतारा असतो. म्हणून टिपण वचनाच्या पत्त्यावर, म्हणजे पुस्तक, अध्याय आणि वचन यांच्या क्रमाने लाव.

ए-फोर कार्डशीटचे चार तुकडे केलेस की पोस्टकार्डाहून जरा मोठं कार्ड मिळतं. बुटांच्या खोक्यात ती उभी राहतात. पहिल्याच दिवशी बायबलच्या ६६ पुस्तकांच्या ६६ पट्ट्या लावू नकोस. रिकामे कप्पे बघून हुरूप जातो. चार शुभवर्तमानं, स्तोत्रसंहिता, यशया, रोमकरांस पत्र आणि ‘इतर’, एवढ्यावर सुरू कर. ‘इतर’मध्ये एखाद्या पुस्तकाची दहा कार्डं जमली की त्याला स्वतःची पट्टी दे.

एका कार्डावर एकच मुद्दा. वर उजव्या कोपऱ्यात पत्ता, समजा उधळ्या पुत्राच्या दाखल्यातलं लूक १५.२०. मधे तुझ्या शब्दांत: ‘बाप धावतो, गळ्यात पडतो, मुके घेतो, मुलगा तोंड उघडतो तो त्यानंतर, २१व्या वचनात. १९व्यात ठरवून ठेवलेलं मोलकऱ्यासारखं ठेवा हे वाक्य तिथे येतच नाही.’ खाली पुस्तकाचं नाव आणि पान. ‘बाप धावला! सुंदर!!’ एवढंच लिहिलंस तर महिन्याने काय सुंदर होतं ते आठवणार नाही. लेखकाचं वाक्य जसंच्या तसं घेतलंस तर अवतरणचिन्ह तिथल्या तिथे घाल, नाहीतर वर्षाने ते आपलंच वाटायला लागतं आणि व्यासपीठावरून आपलं म्हणून जातं.

कार्डाच्या पाठीमागे तारीख आणि मंडळीचं नाव, म्हणजे हा मुद्दा कुठे वापरला ते. हे काम सगळे टाळतात आणि मग तोच दाखला त्याच लोकांना तिसऱ्यांदा ऐकवतात. कुणी तोंडावर बोलत नाही, पण पुढच्या बाकावरच्या मावशी ओठ हलवून आधीच पुरा करतात.

वर्तमानपत्राचं कात्रण, एसटीत कानावर पडलेलं वाक्य अशा बेपत्ता गोष्टींसाठी एक पाकीट ठेव. मंगळवारी वीस मिनिटं बसून ते रिकामं कर. वचन सापडलं तर कार्ड, दोन आठवडे सापडलं नाही तर केराची टोपली. पाकीट फुगू दिलंस की दुसरी डायरी झालीच म्हणून समज.

विषय अगदीच सोडून चालत नाही, हे खरं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांचंच बघ. तीन लूकमध्ये, तीन योहानात, एक मत्तय आणि मार्क दोघांत. कार्डं चार ठिकाणी विखुरणार. अशा वेळी एक यादी-कार्ड कर आणि त्यावर फक्त पत्ते लिही: लूक २३.३४, ४३, ४६, योहान १९.२६-२७, २८, ३०; मत्तय २७.४६ (मार्क १५.३४). मूळ कार्डं जागची हलवायची नाहीत.

फोनवर ठेवणार असशील तर आकड्यांचा घोळ आधी मिटव. देवनागरी आकड्यांत लिहिलेलं इंग्रजी आकडे टाकून बहुतेक ठिकाणी सापडत नाही. येशू आणि येशु हेही शोधताना वेगळे शब्द ठरू शकतात. एकच रीत धर. फाइलींची नावं नुसती ‘लूक’, ‘मत्तय’ ठेवलीस तर त्या अक्षरक्रमाने लागतील, म्हणून पुस्तकाचा बायबलमधला अनुक्रमांक पुढे घे: लूक १५.२० म्हणजे ४२-०१५-०२०. तीन आकडी जागा एवढ्यासाठी की स्तोत्रं १५० आहेत आणि ११९व्यात वचनं १७६.

स्तोत्रांवरून आठवलं. जुन्या कॅथलिक पुस्तकांतून टिपण काढताना क्रमांक ताडून घे. तिथे १० ते १४७ या पट्ट्यात आकडा बहुतेक ठिकाणी एकाने मागे असतो. आपलं पश्चात्तापाचं ५१वं स्तोत्र तिथे ५०वं.

कुटुंबभेटींची टिपणं मात्र या खोक्यात अजिबात नकोत. कुणाच्या घरात दारू आहे, कुणाची सोयरीक मोडली, हे दाखल्याच्या कार्डावर आलं की कधीतरी संदेशात उतरतंच. नाव गाळलंस तरी साठ घरांच्या मंडळीत ते घर ओळखायला कुणाला वेळ लागत नाही. त्यासाठी वेगळी वही, कुलपात. प्रार्थनेची विनंती, पुढच्या भेटीची तारीख, बस. बदली झाली की खोकं बरोबर ने. वहीतलं काय नव्या पाळकांना सांगायचं ते त्या त्या घराला विचारून ठरव.

तुझा,
बाबा