परडीतली चिठ्ठी

वसई,
१४ मे २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी रात्री तुझा फोन आला, सैन्यातले चिरंजीव सुखरूप असल्याचे कळले आणि माझ्या छातीवरचे ओझे उतरले. तू बोलत असताना मागून वहिनींचा आवाज येत होता. शब्द कळले नाहीत, पण त्या रडत होत्या एवढे समजले. म्हणून आदल्या संध्याकाळची हकिकत तेव्हा सांगितली नाही. शुक्रवारी, ९ मे रोजी, आमच्या देवळात, तुमच्या भाषेत चर्चमध्ये, देशासाठी आणि सैन्यासाठी गावाची प्रार्थनासभा झाली. तिच्यात तुझ्या मुलाचे नावही घेतले होते, म्हणून ती तुला सविस्तर कळवतो.

मे हा आमच्याकडे मरियामातेचा महिना. या महिन्यात रोज संध्याकाळी आळीतली माणसे एकत्र बसून जपमाळेची प्रार्थना करतात. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसे मारली गेली, त्यांत जवळच्या डोंबिवलीचे तिघे होते आणि पर्यटकांना वाचवू पाहणारा तिथला घोडेवालाही होता. तेव्हापासून आमच्या आळीत शेवटचा ‘नमो मरिया’ त्यांच्यासाठी म्हटला जात असे. पुढे ७ मेच्या पहाटे आपल्या सैन्याने केलेल्या हल्ल्यांची बातमी आली, त्याच दिवशी तारापूरला आणि उरणला नागरी संरक्षणाची कवायत झाली, आणि फादरांनी शुक्रवारची संध्याकाळ ठरवली. विश्वासूंच्या प्रार्थना, म्हणजे सर्वांच्या वतीने देवाकडे करायची मागणी, लिहून आणण्याचे काम माझ्याकडे आले.

‘आमच्या सैन्याला विजय मिळो’ असे पहिले वाक्य मी लिहिले आणि तिथेच अडलो. विजय मला नको होता असे मुळीच नाही. पण तुझ्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आणला की ते वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते. शेवटी कागद घेऊन मी शेजारच्या काकांकडे गेलो. ते १९७१ साली नौदलात होते. त्या डिसेंबरात माझ्या आईने खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवला होता एवढेच मला युद्ध म्हणून आठवते. काकांना मात्र ९ डिसेंबरची रात्र आठवते. त्या रात्री दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपले जहाज न सोडता त्याच्याबरोबर खाली गेले. काका दुसऱ्या जहाजावर होते. त्यांनी माझा कागद वाचला, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, “पोरांसाठी झोप माग. तीन-तीन रात्री जागलेल्या माणसाच्या हातून चूक होते. आणि ज्याच्या हातात हत्यार नाही अशा कोणावर गोळी झाडायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नकोस, असे देवाला सांग.” मी ते दोन्ही जसेच्या तसे लिहिले. या विषयावर त्याहून खरे काही मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

देवळाच्या दारात मोगऱ्याची एक परडी ठेवली होती. ज्यांच्या घरचे कोणी सैन्यात, नौदलात किंवा सीमा सुरक्षा दलात आहे, त्यांनी नावाची चिठ्ठी तिच्यात टाकायची होती. बाजारात भाजी विकणारी एक म्हातारी आजी लाल लुगड्याच्या पदराला हात पुशीत माझ्याकडे आली आणि लिहून दे म्हणाली. तिने नातवाचे नाव सांगितले, ते मी लिहिले, तरी ती हलेना. नातवाच्या बराकीत आणखी दोघे आहेत, एक पंजाबचा आणि एक नागालँडचा, आणि तो फोनवर त्यांच्याविषयी बोलतो, म्हणून त्यांचीही नावे तिला हवी होती. तिच्या तोंडात ती नावे पार बदलून गेली होती. ती जशी म्हणाली तशीच मी लिहिली आणि तिने चिठ्ठी स्वतःच्या हाताने परडीत ठेवली.

प्रवचनात फादरांनी एक गोष्ट सांगितली, जी मी जन्मभर ऐकत आलो असूनही कधी लक्षात घेतली नव्हती. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी, ‘प्रभो, तू माझ्या घरी यावेस इतकी माझी योग्यता नाही’ अशा अर्थाचे जे वाक्य आम्ही प्रत्येक मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, म्हणतो, ते मुळात एका रोमन शताधिपतीचे, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अंमलदाराचे आहे, आणि ते त्याने स्वतःसाठी नव्हे, तर घरी आजारी पडलेल्या आपल्या चाकरासाठी उच्चारले होते. त्या शुक्रवारी ते वाक्य म्हणताना माझा कंठ दाटून आला.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. शेवटची प्रार्थना मी सीमेपलीकडच्या लोकांसाठी लिहिली होती, कारण वैऱ्यासाठीही प्रार्थना करा ही ख्रिस्ताची आज्ञा आहे आणि ती शांततेच्या काळापुरती दिलेली नाही. गुरुवारच्या बैठकीत ती वाचून दाखवताच एक गृहस्थ उठून म्हणाले, “आज नको.” त्यांचा मुलगा सीमेवर आहे, तेव्हा त्यांच्याशी वाद घालण्याचा मला अधिकार नव्हता. फादरांनी ती प्रार्थना ठेवली, मात्र ज्याला प्रतिसाद देववणार नाही त्याने गप्प राहावे, असे सांगितले. प्रत्यक्षात ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ हा प्रतिसाद त्या वेळी निम्म्या आवाजातच आला. ते गृहस्थ गप्प राहिले, पण उठून गेले नाहीत, शेवटपर्यंत गुडघ्यांवर होते. मला दोघांचेही, म्हणणाऱ्यांचे आणि न म्हणणाऱ्यांचे, खरे वाटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शस्त्रसंधीची बातमी आली. रविवारी नवे पोप लिओ चौदावे यांनी आपल्या पहिल्याच रविवारच्या प्रार्थनेत भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीबद्दल समाधान व्यक्त केले, तेव्हा ते गृहस्थ मिस्सेनंतर माझ्याजवळ आले आणि मुलाचा फोन आल्याचे सांगून गेले. त्या प्रार्थनेचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

तुझ्या मुलाची चिठ्ठी मी लिहिली. त्याचे शाळेतले नाव न लिहिता तुम्ही घरी हाक मारता ते लिहिले, कारण वहिनी रोज देवापाशी तेच नाव घेत असणार. मोगरा केव्हाच सुकला, तरी महिनाअखेरपर्यंत परडी वेदीपाशीच राहणार आहे. त्याला रजा कधी मिळते ते कळव. त्याला घेऊन तू इकडे ये, म्हणजे काकांची आणि त्याची भेट घालून देता येईल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसईचा मित्र