कासेला लेप लावा, पण आधी सड तपासा

मा. संपादक,
नमस्कार. पाऊस सुरू झाला की आमच्या गोव्यातल्या सत्तरीत दर दोन गोठ्यांआड एकच रडगाणं ऐकू येतं, गाय कासेला हात लावू देत नाही, एक सड गरम लागतोय, दुधात गाठी येतायत. पुस्तकात याला स्तनदाह म्हणतात, काहीजण दगडी म्हणतात, कारण कास खरंच दगडासारखी घट्ट होते. यावर झाडपाल्याचं औषध करा असं हल्ली जो तो सांगतो, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांमागं आमच्या जर्सी क्रॉस गायीला हेच झालं. डॉक्टरांनी सडात ट्यूबा सोडल्या, गाठी गेल्या, मी खूश. त्या दिवसांतलं दूध सोसायटीला घालायचं नाही एवढं माहीत होतं म्हणून घरात ठेवलं, विरजण लावलं, तर सकाळी दही लागलंच नाही. सासूबाई म्हणाल्या विरजण बिघडलं असणार, शेजारून नवीन आणलं तरी तेच. मग कळलं की ट्यूबेतलं अँटिबायोटिक दुधात उतरतं आणि दही लावणारे जिवाणूच मारून टाकतं. (चहाला मात्र आम्ही तेच दूध वापरलं होतं, आता सांगायला लाज वाटते.)

त्यानंतर लेप शिकले. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, म्हणजे आणंदचं एनडीडीबी, हाच सांगतं: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि पानाला लावतो तो चुना 10 ग्रॅमच्या आसपास, सगळं एकत्र वाटायचं, सड पूर्ण पिळून घ्यायचे, कास धुवायची आणि थोडा लेप पाण्यात पातळ करून अख्ख्या कासेला लावायचा, शिवाय रोज दोन लिंबं खायला द्यायची. सगळं घरात मिळतं, कोरफड तर तुळशीजवळ असतेच. पण लोक एक गोष्ट ऐकतच नाहीत, हे दिवसातून आठ-दहा वेळा आणि पाच दिवस करायचं असतं. सकाळ-संध्याकाळ दोनदा चोपडून "काय उपयोग नाही झाला" म्हणणारे भरपूर, आणि जुलैत गाय ओल्या गोठ्यात बसली की तो लेप राहतोय कुठे?

दुसरी गंमत तेलांची. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनमाल्डिहाइड प्रयोगशाळेत स्तनदाहाचे जिवाणू मारतात हे खरं आहे, पण दुधातलं फॅट आणि प्रोटीन त्यांचा जोर कमी करतं, मग मात्रा वाढवावी लागते. आमच्या ओळखीतल्या एकानं कुळागरातल्या (सुपारी-मसाल्याच्या बागेतल्या) लवंगा उकळून ते पाणी सिरिंजनं थेट सडात सोडलं, सड निकामी झाला. झाडाचं आहे म्हणजे सडात काहीही ओतायचं असं नव्हे हो. आणि गायीला ताप आला, चारा सोडला, दूध पाण्यासारखं पिवळट आलं तर लेप करत बसू नका, डॉक्टरांना फोन करा, ई. कोलाय नावाच्या जिवाणूचा स्तनदाह एका दिवसात गाय आडवी करू शकतो.

माझं म्हणणं एवढंच की लेपाचा खरा उपयोग अगदी सुरुवातीला आहे, आणि सुरुवात डोळ्यांना दिसत नाही. दूध चांगलं दिसतं, फक्त अर्धा-एक लिटर कमी येतं, आपण म्हणतो चारा कमी पडला असेल. ते पकडायला सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट) ही दुधाची तपासणी आहे, चार वाट्यांचा पॅडल, प्रत्येक सडातलं थोडं दूध, तेवढंच तपासणीचं औषध, फिरवायचं, घट्ट शेंबडासारखं झालं की त्या सडात गडबड. तेही नसेल तर कपडे धुण्याची पावडर 100 मिली पाण्यात 3 ग्रॅम घालून काम भागतं, मी बशीत करते, महिन्यातून दोनदा. गेल्या पावसात असाच मागचा उजवा सड सापडला, लेप लावला, पाच दिवसांनी पुन्हा बघितलं तर दूध घट्ट झालं नाही. त्या वेळी ट्यूब लागली नाही.

आमच्या सोसायटीत विचारलं की एक पॅडल आणि त्या तपासणीच्या औषधाची एक बाटली ठेवाल का, तर उत्तर आलं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) सोडून आम्ही काय तपासत नाही. दूध घालायला रोज सगळे तिथंच येतात, पाच मिनिटांचं काम आहे. तोवर माझी बशी आहे, वाड्यावरच्या कोणाला हवी तर घेऊन जावी, धुवून परत आणावी.

आपली,
एक दूध उत्पादक, सत्तरी