बाबांच्या तळव्यांना खडा का बोचत नाही

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "हल्ली खडासुद्धा बोचत नाही, पाय अगदी ठीक आहेत." पण खडा बोचायला हवा. तुमच्या मधुमेहात तो का बोचेनासा होतो ते लिहिते, म्हणजे पुढची पथ्यं जाचक वाटणार नाहीत.

तळव्याच्या कातडीत नसांची बारीक टोकं असतात. दाब ओळखणारं टोक वेगळं, कंप ओळखणारं वेगळं, ऊन-गार ओळखणारी आणखी वेगळी. त्यांच्या पापुद्र्यात प्रथिनांची दारं असतात. खड्याने कातडी ताणली की दाबाची दारं उघडतात आणि बाहेरचं सोडिअम आत शिरतं. एरवी नसेच्या आतला विद्युतदाब उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. तो उणे ५५ पर्यंत चढला की ठिणगी पडते आणि संदेश कण्याकडे धावतो. तिथवर पोचला नाही, तर काहीच निघत नाही. खडा जोरात रुतला तरी ठिणगी मोठी होत नाही, सेकंदाला जास्त वेळा पडते. जोर किती, हे मेंदू त्यावरूनच ओळखतो.

चटक्याचं दार साधारण ४३ अंश सेल्सिअसला उघडतं. आई, मिरच्या चिरल्यावर तुझे हात भगभगतात ना, ते याच दारामुळे. मिरचीतला तिखट अंश तेच उघडतो. डेव्हिड ज्युलियस यांना या शोधासाठी २०२१ चं नोबेल मिळालं, दाबाची दारं शोधणाऱ्या आर्डेम पातापुतियान यांच्यासोबत.

मधुमेहात साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की हे तंतू आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या, दोन्ही खराब होतात. पायाच्या बोटापासून कण्यापर्यंतचा तंतू जवळजवळ मीटरभर लांब. सर्वांत लांब तोच आधी मार खातो. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखा वर चढतो. आधी मुंग्या आणि जळजळ येते, मग काहीच कळत नाही. जळजळ थांबली म्हणजे बरं वाटलं, असं समजू नका.

बाबा, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक आजपासून बंद. पाय धुण्याचं पाणी आईने कोपर बुडवून बघायचं, किंवा थर्मामीटरने. ३७ अंशांच्या वर नको. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. टाचांना तेल चालेल, बेचक्यांत नको, तिथे ओल राहून कातडी कुजते. कुरूप ब्लेडने कापू नका, त्यावर औषधाची पट्टीही लावू नका. तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवा. दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर मोजे घालूनच चाला. रोज रात्री आईने दोन्ही तळवे उजेडात बघावेत. फोड, चीर, लाली दिसली तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

डॉक्टरांना दोन तपासण्या करायला सांगा, वर्षातून एकदा तरी. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून बघतात, आणि सेकंदाला १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, पायाच्या अंगठ्याच्या हाडावर. दोन्ही वेळा डोळे मिटा, आणि अंदाजाने "हो" म्हणू नका. तारीख ठरली की कळवा.

तुमची लेक